आधी बाजारातली ताडपत्री, मग मोबाइल

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आमच्या तालुक्यात बचत गटांच्या महिलांचं एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. "दारोदार फिरणं, बाजारात बसणं आता जुनं झालं. मोबाइलवर माहिती टाकत राहा, हळूहळू विश्वास बसेल आणि गिऱ्हाईक स्वतः फोन करेल," असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. माझ्या शेजारी एका नव्या गटाच्या बायका बसल्या होत्या, त्या हे वाक्य वहीत उतरवून घेत होत्या. मला बोलायचं होतं, पण तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. म्हणून हे पत्र. हेच वाक्य मीही एकदा वहीत उतरवलं होतं आणि त्यापायी आमच्या गटाचा २०२४ चा अख्खा हंगाम गेला.

आम्ही समुद्रपूर तालुक्यातल्या अकरा जणी. हळद पिकवतो, दळतो, पाकिटं भरून विकतो. वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती हळद आमच्याच तालुक्यातली. पण मानांकन मिळालं म्हणून पाकीट विकलं जात नाही. नागपुरात नाव सांगितलं की लोक विचारतात, वर्ध्याजवळचं वायगाव का? मग दरवेळी सांगावं लागतं, ते वायगाव निपाणी, आमचं हळद्या वायगाव.

हळदीत पैसा किती दिवस अडकून राहतो, हे शहरातून येणाऱ्या प्रशिक्षकांना ठाऊक नसतं. मृगाच्या पावसावर लावलेली हळद खणायला फेब्रुवारी उजाडतो. मग उकडायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची, पॉलिश करायची, दळायची. पाच किलो ओल्या हळदीतून जेमतेम एक किलो सुकी हाती येते. एवढं होईतो घरातला पैसा संपलेला असतो आणि बँकेचा हप्ता तर दर महिन्याच्या १० तारखेला भरावाच लागतो. हळूहळू विश्वास बसेपर्यंत थांबायला आमच्याकडे काय असतं?

सुरुवातीची चार वर्षं आम्ही आठवडी बाजारात बसलो, गिरडच्या टेकडीवर येणाऱ्या भाविकांना विकली, जाम चौरस्त्यावर गाड्या थांबतात तिथेही उभ्या राहिलो. पहिल्याच वर्षी बाजारात एका म्हाताऱ्या बाईंनी आमची हळद चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "एवढी फिकी काऊन दिसते वं? माह्या पिशवीतली पाय, कशी पिवळीजर्द हाये!" मी चहाच्या टपरीवरून काचेचे दोन गिलास पाणी आणलं. एकात त्यांच्या पुडीतली चमचाभर सुटी हळद टाकली, दुसऱ्यात आमची. ढवळलं नाही. आमची हळूहळू तळाशी बसली, वरचं पाणी जरासंच पिवळं झालं. त्यांच्या गिलासातलं पाणी मात्र वरपासून खालपर्यंत गडद पिवळं झालं, रंगपंचमीच्या बादलीसारखं. हळदीत रंग मिसळलाय का, हे घरी पाहायची ही साधी चाचणी अन्न सुरक्षा प्राधिकरणानेच सांगितली आहे. काही ठिकाणी रंगासाठी लेड क्रोमेट हे पिवळं रसायन मिसळतात, त्यातलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला अपाय करतं. बाई बराच वेळ त्या गिलासाकडे बघत राहिल्या. मग अर्धा किलो घेतली आणि जाताना म्हणाल्या, "नातवाले रोज दुधातून देतो मी." त्या दिवशी आमची साडेसहा किलो हळद गेली आणि पुढे दर बाजाराला गिलास सोबत न्यायची सवय लागली.

अशा चाललेल्या धंद्यात २०२४ मध्ये आम्ही असंच एक प्रशिक्षण ऐकलं आणि बाजार बंद केला. चार महिन्यांत ६१ व्हिडिओ टाकले. गाणं लावलेला एक व्हिडिओ २२ हजार लोकांनी पाहिला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. त्यातून विकली गेली नऊ किलो. एक ऑर्डर केरळातून आली, कुरिअरचा खर्च हळदीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला. जून लागला, हवेत ओल आली. पावडर खराब होईल या भीतीने उरलेली अडीच क्विंटल एका व्यापाऱ्याला पडेल त्या भावात देऊन टाकली. आमच्यातल्या एकीने मुलाच्या कॉलेजची फी भरायला गळ्यातली पोत गहाण ठेवली. ती अजून सुटलेली नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो, कारण बाजार बंद करायचा आग्रह माझाच होता.

थेट विक्री लोकांना आवडत नाही, असंही गेल्या पंधरवड्यातल्या प्रशिक्षणात साहेबांनी सांगितलं. खरं आहे, दारात पिशवी घेऊन बाई दिसली की लोक दार लोटून घेतात. पण ते कुणामुळे? आमच्या गावात साखळीवाल्यांनी आधी सामानाचा संच घ्यायला लावला, मग "खाली तीन माणसं जोडा" म्हणाले. भाच्याने मामीला जोडलं, मामीने विहिणीला. पैसे बुडाले आणि नात्यांत अबोला आला. थेट विक्रीसाठी २०२१ चे केंद्राचे ग्राहक संरक्षण नियम आहेत. माणसं जोडण्यावर पैसे देणारी पिरॅमिड योजना त्यात निषिद्ध आहे, विक्रेत्याकडून प्रवेश शुल्क घेता येत नाही, ओळखपत्र आणि आधी घेतलेली परवानगी असल्याशिवाय कुणाच्या घरी जाता येत नाही. हे गावात कुणी सांगत नाही. आपल्या शेतातली हळद स्वतः दळून विकणारी बाई आणि साखळीत अडकवणारा माणूस, दोघांच्या कामाला थेट विक्री हेच नाव पडलं आहे, आणि साखळीवाल्यांनी केलेल्याची शिक्षा आम्ही भोगतो.

माझा मोबाइलला विरोध नाही. आज आमचा निम्मा माल त्यावरच जातो. पण तो कसा जातो ते पाहा. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना, पाठवलेलं त्यांनाच पोचतं, ज्यांनी आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये जतन केला आहे. अनोळखी माणूस हळदवालीचा नंबर कशाला जतन करेल? गिलासातलं पाणी डोळ्यांनी पाहिलेली बाई करते. २०२५ पासून आम्ही परत बाजारात बसलो आणि पाकीट देतानाच "ताई, आमचा नंबर टाकून घ्या" म्हणू लागलो. आमच्या यादीत आज २१४ नंबर आहेत आणि प्रत्येकीला आमच्यापैकी कुणी ना कुणी समोरासमोर भेटलेली आहे. समुद्रपुरातून बदली होऊन नागपूरला गेलेल्या एक शिक्षिका यादीत आहेत. त्या आता त्यांच्या इमारतीतल्या पाच घरांची हळद एकदम मागवतात.

काय दाखवायचं तेही बाजारानेच शिकवलं. बाजारात बाया विचारतात, फिकी का, अळी पडेल का, अख्खं हळकुंड मिळेल का, नुसती वाळवून दळता की उकडता? मग मागच्या हंगामात हळद उकडताना एकीने मोबाइल धरला. चुलाणावरची मोठी कढई, वर आलेला फेस, वाफेने भरलेलं अंगण आणि गड्ड्यात काडी टोचणारा माझ्या सासूबाईंचा हात. काडी आरपार गेली की त्या म्हणतात, "झाली, उतरवा." गाणं नाही, काही नाही, जेमतेम चाळीस सेकंद. संध्याकाळपर्यंत ३१ जणींनी नव्या हळदीची नोंद केली.

म्हणून प्रशिक्षण देणाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. नव्या गटाला बाजार सोडा असं सांगू नका. पहिला हंगाम हातोहात विकू द्या, हप्ता त्यातून निघू द्या, मग मोबाइलकडे वळवा. प्रशिक्षणाचा अर्धा दिवस सभागृहात घ्या आणि अर्धा दिवस आमच्यासोबत बाजारात बसा. २०२१ चे ते नियमही तिथेच समजावून सांगा. किती लोकांनी व्हिडिओ पाहिला हा आकडा गटाच्या अहवालात लिहिता, तर किती किलो माल रोखीने गेला हेही लिहा. आणि ग्रामपंचायतींनी आठवडी बाजारात बचत गटांसाठी एक तरी ओटा राखून ठेवावा. आम्ही अजून रस्त्याच्या कडेला जमिनीवर ताडपत्री टाकून बसतो, ट्रॅक्टर गेला की पाकिटांवर धूळ बसते आणि ती पदराने पुसून मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी लागतात.

प्रशिक्षणात माझ्या शेजारी बसलेल्या त्या गटाकडे सध्या चाळीस किलो भिवापुरी मिरचीचं तिखट तयार आहे. येत्या बाजाराला मी त्यांना आमच्याकडे बोलावलं आहे. ताडपत्री एकच आहे, पण सरकून बसलो की जागा होईल.

आपली नम्र,
एका महिला बचत गटाची सचिव,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा