फुकटचे घड्याळ आणि न बोलावलेले पाहुणे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत घरच्या संगणकासाठी मोफत घड्याळे, हवामानपट्ट्या आणि टूलबार (ब्राउझरवर बसणाऱ्या बटणांच्या पट्ट्या) सुचवणारा लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण 'फुकट आहे, टाकून बघा' हा सल्ला पटला नाही.

मागच्या दिवाळीत नातवाने असेच एक पंचांग उतरवून घेतले. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना खाली, सोबत आणखी काही टाकायला संमती देणारी, आधीच टिक केलेली बारीक चौकट होती, ती कुणी पाहिली नाही. दुसऱ्या दिवसापासून ब्राउझर उघडला की अनोळखी सर्च पान आणि रमीच्या जाहिराती. दुरुस्तीवाल्याने सहाशे रुपये घेतले. (पंचांगातली एकादशीही एक दिवस चुकलेली होती, ते वेगळेच.)

बरे, नावाजलेले तरी कायमचे सुरक्षित असते का? मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये विंडोजमधली आपलीच गॅजेट्स (पडद्यावरची घड्याळ, हवामान असली छोटी साधने) सुरक्षेच्या कारणावरून बंद करायला सांगितले होते. 'द ग्रेट सस्पेंडर' हे क्रोम ब्राउझरचे लोकप्रिय एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) २०२० मध्ये नव्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, ठरवून काढून टाकले. लोकांनी घेतले तेव्हा ते चांगलेच होते. 'सर्व वेबसाइटवरील माहिती वाचणे व बदलणे' अशी परवानगी एकदा दिली की ती नव्या मालकालाही आयती मिळते, आणि त्याच ब्राउझरमधून आपण बँकेचे व्यवहार करतो.

यापुढे अशी शिफारस छापताना तो प्रोग्राम कोणाचा आहे आणि कोणत्या परवानग्या मागतो, एवढे दोन ओळींत द्यावे.

– एक ज्येष्ठ वाचक, रामबाग, इंदूर