फी, दवाखाना आणि आईच्या पाटल्या

सांगोला

चि. अनुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडारड केलीस आणि मधेच फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसलो. आईच्या पाटल्या गहाण ठेवल्याचं तुला मामीने सांगितलं ना? तिच्या पोटात काही राहत नाही. पण त्यावर तू जो तोडगा काढलायस, रात्रपाळीला कॉल सेंटर धरायचं आणि आपली फी आपण भरायची, तो मला अजिबात मान्य नाही.

पहिली गोष्ट, पाटल्या तुझ्या फीपायी गेलेल्या नाहीत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानंतर तुझं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतंय. आठ लाखांच्या आत उत्पन्न आणि कॅप राऊंडचा, म्हणजे सरकारी केंद्रीय फेरीतला प्रवेश, दोन्ही तुझ्याकडे आहे. आधी निम्मीच सवलत होती. तुझी रूममेट मॅनेजमेंट कोट्यातून आली, तिच्या वडिलांनी भरले, त्यांची ऐपत. तू परीक्षा देऊन मेरिटवर आलीस. ‘फुकटवाले’ म्हणून कोणी हसत असेल तर हसू दे. ऑफिसातले ‘आधी पूर्ण भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ’ म्हणत असतील, तर ते लेखी मागायचं. लेखी मागितलं की भल्याभल्यांचा सूर बदलतो, हे मी नोकरीत बघितलंय.

पाटल्या गेल्या तात्यांच्या अँजिओप्लास्टीला. रात्री छातीत कळ आली, मिरजेला नेईपर्यंत जीव मुठीत. जे हॉस्पिटल आधी लागलं तिथे घातलं. ते सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत नव्हतं. पाच लाखांचं कवच आता पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, पण ते योजनेतल्या हॉस्पिटलातच. अशा वेळी माणूस यादी बघत बसतो का? धर्मादाय दवाखान्यात दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि दहा टक्के दुर्बलांना निम्म्या दरात असतात, पण तिथली उत्पन्नाची मर्यादा माझा पगार ओलांडतो. तू विचारलंस, ‘अण्णा, आपण गरीब आहोत का?’ कॉलेजच्या फॉर्मवर आहोत, दवाखान्याच्या काउंटरवर नाही. मधल्या माणसाची हीच गोची आहे बघ.

सोनं तारण ठेवून कर्ज द्यायचं काम माझ्याच टेबलाला असतं, फक्त त्या दिवशी मी पलीकडच्या खुर्चीत होतो. सोनाराने पाटल्या कसोटीवर घासल्या, वजन केलं, डागाचं, म्हणजे जोडाच्या धातूचं वजन वजा केलं. पाकिटाला सील लागलं. अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. मी लागलो तेव्हा त्यात विहीर, पाईपलाईन, म्हैस, लग्न असं असायचं. डाळिंबाची बाग लावायला तर रांग लागायची. आता दिवसभरात निम्मे अर्ज तरी ‘दवाखाना’ नाहीतर ‘मुलाची फी’. म्हैस दूध देते, विहिरीवर बाग उभी राहते, त्या कर्जाचा हप्ता निघतो तरी. दवाखान्याच्या कर्जातून काय निघणार? आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९ वर आला, असा सरकारी हिशेब आहे. असेल. माझ्या टेबलावर तसं काही दिसत नाही.

आणि दुसरीकडे बघ. २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातले २२.६ टक्के वरच्या एक टक्का लोकांकडे गेले, असा वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबचा अंदाज आहे. त्या एक टक्क्याच्या ऐपतीवर हॉस्पिटलांचे आणि कॉलेजांचे दर ठरायला लागले की बाकीच्यांनी कुठे जायचं? १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्यामुळे आपल्या भागातली कितीतरी पोरं इंजिनिअर झाली, हे मी नाकारत नाही. पण सीटला किंमतही तेव्हापासूनच लागली. मग सरकार ज्या थोड्या सवलती देतंय, त्या लाजून सोडून देण्यात कसला आलाय स्वाभिमान? ते पैसे कराचे आहेत. आपण माचिस घेतली तरी कर भरतो.

हॉस्टेल आणि मेसचा खर्च आहे, तो मी कबूल करतो. तो या सवलतीत बसत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, अल्पभूधारकाच्या मुलांना मिळतो. आपली दीड एकर जमीन पहिल्यांदाच कमी असल्याचा उपयोग होईल. तलाठ्याकडे मी दाखल्याचा अर्ज टाकलाय.

रात्रपाळी करून दिवसा लेक्चरला डुलक्या घेतल्यास आणि विषय राहिला, तर सवलतही अडकू शकते. सुट्टीत इंटर्नशिप कर, पैसे मिळाले तर आईला साडी घे, माझं काही म्हणणं नाही. पाटल्या मी सोडवतो. तात्या आता अंगणात फिरतात आणि पथ्याच्या नावाने रोज आईशी भांडतात.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलवरचा फॉर्म रिन्यू करायचाय, ते सुट्टीवर ढकलू नकोस. बोनाफाईड आणि हॉस्टेलचा दाखला यांचे फोटो शुक्रवारच्या आत पाठव. मागच्या वेळी तुझ्या आधारला बँक खातं जोडलेलं नव्हतं, ते झालंय का तेही बघ.

तुझे
अण्णा