हॅवलॉकच्या वादळाविषयी मित्रास पत्र

सोलापूर,
18 जानेवारी 2017

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तारकर्लीला आतेभावाच्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधण्याचा तुझा बेत कळला आणि फार आनंद झाला. वादळ आले म्हणजे नेमके काय करावे लागते, असे तू विचारले आहेस. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर आमच्या हटांची (पाहुण्यांसाठीच्या झोपडीवजा खोल्यांची) छपरे नव्याने शाकारण्याचे काम चालू असल्याने मालकांनी मला रजा दिली, म्हणून यंदा सिद्धेश्वराची यात्रा पदरात पडली. यात्रेचे मुख्य दिवस सरले, घरही जरा निवांत झाले, तेव्हा सविस्तर लिहायला बसलो आहे. इथे भेटणारा प्रत्येक जण लाटा किती उंच होत्या एवढेच विचारतो. तुला मात्र हा धंदा करायचा आहे, म्हणून लाटांबद्दल थोडक्यात आणि माणसांबद्दल विस्ताराने लिहितो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात जे कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, त्याचेच पुढे 8 तारखेला ‘वरदा’ हे चक्रीवादळ झाले; परंतु त्याला नाव मिळण्याआधीच आमच्याकडच्या बोटी बंद झाल्या होत्या. हॅवलॉकला विमानतळ नाही, पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोटीने सुमारे अडीच तास लागतात, आणि ती बोट थांबली की भाजीपाला, डिझेल, वर्तमानपत्र आणि परतीचा प्रवास हे सगळे एकदमच थांबते. वादळ बेटांच्या पश्चिमेकडून उत्तरेला सरकत होते. आपल्या गोलार्धात वादळाभोवतीचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे पूर्वेला तोंड असलेल्या आमच्या विजयनगरच्या किनाऱ्यावर वारा थेट समुद्राकडून आला आणि पाऊस आडवा. बांबूच्या तट्ट्यांची भिंत अशा वाऱ्यात छातीसारखी आत-बाहेर होते. ते एकदा पाहिले की त्या खोलीत कोणाला झोपवण्याचा विचारही मनात येत नाही.

आमची तयारी साधीच होती. हटांवर झुकलेल्या माडांचे नारळ आणि वाळलेल्या झावळ्या माडावर चढणाऱ्या गड्याकडून आधीच उतरवून घेतल्या, पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरल्या (रिकामी टाकी वाऱ्याबरोबर निघून जाते, भरलेली जागची हलत नाही), पत्र्यांवर वाळूच्या गोणी टाकल्या, आणि सर्व पाहुण्यांना गाद्यांसकट स्लॅबच्या जेवणघरात आणले. एवढ्याला अर्धा दिवस पुरला. खरी कसोटी त्यानंतर सुरू झाली, कारण एका दालनात कोंडलेली, विमाने चुकलेली, घरच्यांशी बोलणे होत नसलेली माणसे सांभाळण्यासाठी दोरी किंवा गोणी उपयोगाची नसते.

त्या वेळी अंदमानचे फोन आणि इंटरनेट उपग्रहावर चालत होते, त्यामुळे त्या पावसात ते जवळजवळ नाहीसेच झाले. त्यात नोटाबंदीला जेमतेम महिना झाला होता. बाजारातल्या एटीएममध्ये एरवीही पैसे मिळत नव्हते, कार्डाचे यंत्र नेटवर्कअभावी मुके झाले होते, आणि पाहुण्यांच्या खिशात एखादी दोन हजारांची नोट होती, जिचे सुटे सबंध बेटावर कोणापाशी नव्हते. मी पहिल्याच संध्याकाळी जाहीर केले की बोटी सुरू होईपर्यंत खोलीचे भाडे लागणार नाही, जेवणाचा हिशेब वहीत लिहिला जाईल आणि पैसे घरी पोहोचल्यावर पाठवावेत. मालकांशी बोलणे शक्य नव्हते, म्हणून ते मी स्वतःच्या जबाबदारीवर ठरवले. त्या एका वाक्याने दालनातला निम्मा ताण उतरला. पुढे बहुतेकांचे पैसे आले. एकाचे अजून यायचे आहेत, आणि तो गृहस्थ गरीब मुळीच नव्हे.

दुसरी गोष्ट मी अशी केली की सकाळ-संध्याकाळ चहाच्या वेळी उभे राहून, आकाशवाणीच्या पोर्ट ब्लेअर केंद्रावर जे ऐकले तेवढेच सांगितले. ‘उद्या नक्की बोट सुटेल’ असे म्हणण्याचा मोह फार होतो, विशेषतः लहान मूल कडेवर घेऊन कोणी विचारते तेव्हा; पण तो धीर दुसऱ्या दिवशी उलटतो. शेजारच्या एका ठिकाणी पाहुण्यांना असेच आश्वासन दिले गेले, आणि ती मंडळी सामानासह जेटीवर जाऊन चिंब भिजून परत आली, ती भांडतच. नौदलाच्या बोटी आल्या होत्या हे खरे, परंतु समुद्र इतका खवळलेला होता की त्यांना धक्क्याला लागता येत नव्हते.

खाण्याचे म्हणशील तर तांदूळ, डाळ आणि बटाटे भरपूर होते, पण सरपण भिजले आणि गॅस जपून वापरायचा होता. तेव्हा आईने पाठवलेल्या कडक भाकरींचा डबा काढला. आमच्या बंगाली आचाऱ्याला तो प्रकार आधी पापडासारखा वाटला; मग मी भाकरी चुरून तिच्यावर गरम वरण ओतले, वर शेंगाची चटणी आणि कच्चे तेल घातले, तेव्हा त्यानेच दुसऱ्यांदा मागून घेतले. महिना-महिना न बिघडणारे असे अन्न कोठीत असावेच. एका आजींचे इन्सुलिन होते. जनरेटर सकाळ-संध्याकाळ तासभरच चालवत असल्याने ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठात ठेवले.

9 तारखेला समुद्र निवळला आणि नौदल, तटरक्षक दल व खाजगी बोटींनी सर्वांना पोर्ट ब्लेअरला नेले. आमच्याकडचे चेन्नईचे जोडपे हायसे वाटून घरी पोहोचले, आणि 12 तारखेला तेच वादळ त्यांच्या शहरावर जाऊन आदळले. त्यांचा निरोप आला की यावेळी टाक्या आधीच भरून ठेवल्या होत्या.

आता तुझ्याविषयी. 2009 च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळ कोकणावरून गेले ते तुझ्या आतेभावाला आठवत असेल. म्हणून अरबी समुद्र शांत असतो या भरवशावर राहू नकोस. तुझ्यापाशी मात्र आमच्यापाशी नसलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे रस्ता. इशारा मिळताच पाहुण्यांना कुडाळ स्टेशनपर्यंत पोहोचवून दे आणि आगाऊ घेतलेली रक्कम हुज्जत न घालता परत कर. तू पाठवलेल्या नकाशात सगळ्या खोल्या लाकडी आणि स्वयंपाकघर पत्र्याचे दिसते. स्वयंपाकघर स्लॅबचे कर, सर्व खोल्यांतली माणसे गाद्या टाकून मावतील एवढे मोठे कर, आणि त्याला समुद्राच्या बाजूला खिडकी ठेवू नकोस, मग देखावा कितीही सुंदर असो. विहीर किनाऱ्यापासून किती अंतरावर आहे तेही कळव, कारण लाटांचे पाणी आत शिरले तर ती बराच काळ खारी राहते. मी महिनाअखेरपर्यंत सोलापुरातच आहे. सुधारलेला नकाशा तोवर पाठवलास तर सुताराच्या हिशेबासकट बघून देईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित,
हॅवलॉकवासी