यंत्राचं नाव न सांगणाऱ्या दादांचे जाहीर आभार

प्रिय दादा,

स. न. वि. वि.

स्लाईड आणि निगेटिव्हसाठी कोणता स्कॅनर घेऊ, असं मी विचारलं, तेव्हा तुम्ही एकाही यंत्राचं नाव घेतलं नाहीत. "आधी डब्यात काय काय आहे ते सांग," एवढंच म्हणालात. आभार मानायचे ते त्या वाक्याचे. ते जाहीर मानतोय, कारण जुन्या फिल्म समोर घेऊन बसलेल्या आणखी कुणाला तरी तुमचं सांगणं नक्की उपयोगी पडेल.

डब्यात निघाल्या 35 मिमीच्या स्लाईड, त्यातल्या बऱ्याच कोडॅक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत स्लाईड फिल्म). वडिलांनी काढलेले कृष्णधवल रोल. रंगीत निगेटिव्हच्या काही पट्ट्या आणि थोड्या, नावाला 6×6 सेंमीच्या, मोठ्या निगेटिव्ह. एवढ्या यादीवरच तुम्ही निम्मे पर्याय बाद केलेत. धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारी इन्फ्रारेड सोय मला फार खुणावत होती. तुम्ही समजावलंत, की इन्फ्रारेड किरण रंगीत फिल्मच्या रंगांतून आरपार जातात आणि धुळीपाशी अडतात, म्हणून यंत्राला धूळ ओळखू येते. कृष्णधवल फिल्मवर मात्र चित्रच चांदीचं. चांदीही किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच कचरा समजतं. कोडॅक्रोमवरही या सोयीचा भरवसा नाही. मग माझ्या डब्यातल्या बहुतेक मालासाठी ती काय कामाची?

डीपीआयचं, म्हणजे दर इंचात किती ठिपके टिपले जातात त्या आकड्याचं, भूतही तुम्हीच उतरवलंत. फ्लॅटबेडच्या (सपाट काचेच्या साध्या स्कॅनरच्या) खोक्यावर 6400 छापलेलं असतं, पण सेन्सर किती बारीक नमुने घेतो तेवढंच त्यातून कळतं. लेन्सला तितकं बारीक दिसतं का, हा प्रश्न वेगळाच. मग तुम्ही उलटा हिशेब मांडलात: 24×36 मिमीची फ्रेम खऱ्याखुऱ्या 4000 डीपीआयने टिपली तर साधारण 5669×3780, म्हणजे सुमारे 2.1 कोटी पिक्सेल. तेवढे तर माझ्या 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातच होते! निकॉनचे जुने कूलस्कॅन फिल्म स्कॅनर आजही उत्तम काम देतात, हे तुम्ही मोकळेपणाने मान्य केलंत. पण ते बनणं कधीच बंद झालंय आणि बिघडले की सुटे भाग शोधत फिरावं लागतं, हेही सांगितलंत.

शेवटी स्कॅनरऐवजी कॅमेऱ्यानेच फिल्मचे फोटो काढायचं ठरलं आणि घेतली ती फक्त 1:1 मॅक्रो लेन्स (फिल्म सेन्सरवर तिच्या खऱ्या मापात उमटवणारी), कॉपी स्टँड (कॅमेरा खाली रोखून धरणारा), फिल्म होल्डर आणि लाईट पॅड. (सेन्सर फिल्मच्याच मापाचा नसून त्याहून लहान, एपीएस-सी मापाचा असता, तर 1:1.5 वरही भागलं असतं.) स्टँडवर थोडी काटकसर चालेल, पण दिव्यावर नको, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा 100 पैकी आकडा) 95 च्या वरच हवा, हा तुमचा हट्ट मला तेव्हा अतिरेकी वाटला होता. आता नाही वाटत. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी मास्क (फिल्मवरची मुळातली नारिंगी छटा) काढून रंग जुळवताना दिव्यातली उणीव लगेच अंगावर येते.

आणि आरशाची युक्ती! फिल्मच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवायचा, कॅमेऱ्यातून पाहायचं आणि लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा किंचित किंचित वळवत राहायचं. प्रतिबिंब मध्यावर आलं की सेन्सर आणि फिल्म समांतर. त्यानंतर लेन्सचं छिद्र एफ 8 ला ठेवलं की चारही कोपरे सारखे स्पष्ट येतात. खरं तर ही युक्ती स्टँडसोबतच्या माहितीपत्रकात छापायला हवी.

एका बाबतीत मात्र तुमचं ऐकलेलं नाही. घरातला फ्लॅटबेड काढून टाक म्हणालात, तो मी ठेवला आहे. 6×6 ची निगेटिव्ह जवळपास 56 मिमी रुंद असल्यामुळे तिला त्याची कुवत पुरते. फक्त त्या पट्ट्या फार वाकल्या आहेत आणि साध्या काचेखाली दाबल्या की न्यूटन रिंग्ज (इंद्रधनुषी कडी) उमटतात. अँटी-न्यूटन काच घ्यावी, की पट्ट्या आधी काही दिवस वजनाखाली ठेवून बघाव्यात? सवडीने कळवा.

तुमचा ऋणी,
डबेवाला शिष्य