शिमा म्हणजे वाडी

नाझे, आमामी ओशिमा

प्रिय मुकुंद,

सप्रेम नमस्कार.

जपानी लोकसंगीताविषयी तू विचारले होतेस, त्याचे उत्तर प्रत्यक्ष ऐकून लिहावे म्हणून थांबलो होतो. जपानच्या दक्षिणेकडच्या कागोशिमा बंदरातून संध्याकाळी निघालेली बोट आज पहाटे पाचला इथे, आमामी बेटावरच्या नाझे गावी लागली.

इथल्या गाण्यांना ‘शिमाउता’ म्हणतात. शिमा म्हणजे बेट, हे मलाही ठाऊक होते. पण आमामीच्या माणसाच्या तोंडी शिमा म्हणजे त्याची वाडी, डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यातली त्याची वस्ती. त्यामुळे एकच गाणे डोंगरापलीकडे गेले की शब्द बदलते, वळणही बदलते. उत्तरेकडच्या कासारी भागातली गायकी संथ, दक्षिणेकडची बरीच चढउताराची.

रात्री एका लहानशा खाणावळीत जेवायला गेलो होतो. तिथल्या मालकीणबाईंनी भिंतीवरचे सानशिन उतरवले. आणखी दक्षिणेच्या ओकिनावा बेटांवर हे तीन तारांचे वाद्य बोटात शिंगाची नखी घालून वाजवतात; बाईंच्या चिमटीत मात्र बांबूची लांबट, पातळ काडी होती. तिचा फटका खालून वर परतला की बारीक तारेतून असा काही टोकदार स्वर निघे की बोलणारी माणसे आपोआप गप्प होत. आरंभ ‘आसाबाना’ने झाला, कारण बैठकीत गळा मोकळा करायला आणि आलेल्यांचे स्वागत करायला तेच गाणे आधी म्हणायचे असते. शेजारच्या मेजावरच्या वयस्कर गृहस्थांनी त्याच पट्टीत उत्तर दिले. बाईमाणसाच्या उंच पट्टीत पुरुषाने गायचे म्हणजे आवाज पातळ करून वर न्यावा लागतो, आणि आवाज फिरण्याच्या त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. ही मंडळी एकमेकांना गाऊन दाखवत नव्हती, एकमेकांशी बोलत होती.

या गाण्यांतले दुःख कुठून आले, तेही तुला सांगायला हवे. १६०९ साली सात्सुमा या दक्षिण जपानमधल्या सरदारी संस्थानाने ओकिनावातल्या राज्यावर, म्हणजे र्‍युक्यूवर स्वारी करून त्याच्या अंमलाखालचे आमामी आपल्या ताब्यात घेतले आणि पुढे उसाच्या साखरेसाठी इथल्या माणसांना पिळून काढले. जे कर्जात बुडाले ते ‘यांचू’ म्हणजे वेठबिगार झाले. कांत्सुमे नावाच्या अशाच एका यांचू तरुणीने छळ सोसून अखेर गळफास घेतला. तिचे गाणे आजही म्हटले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमल आला, आणि २५ डिसेंबर १९५३ रोजी बेटे जपानकडे परत आली. सत्ता अशा बदलत राहिल्या, पण गाणी त्या त्या वाडीतच राहिली.

जुन्या पंचांगाच्या आठव्या महिन्यातला नाच मात्र या खेपेस माझा हुकला. स्त्रिया आणि पुरुष रिंगण धरून एकमेकांना गाण्यातून उत्तरे देतात, पाचरी ठोकून ताणलेला ‘चिजिन’ हा ढोल वाजत असतो आणि लय हळूहळू चढत जाते, असे बाईंनी सांगितले. त्यासाठी मी पुन्हा येणार आहे.

उठताना त्या म्हणाल्या, “आता तुमच्या शिमाचे गाणे होऊ द्या.” मला तुमच्या पडवीतले जाते आठवले, आणि काकूंची पहाटेची ओवी मी जमेल तशी म्हटली. दुसरा चरण संपताच बाईंनी त्यांच्या पद्धतीने मागून साद घातली. पुढचे चरण मात्र काही केल्या आठवेनात. काकूंना विचारून ते सवडीने लिहून पाठव. परवापर्यंत मी इथेच आहे.

तुझा,
श्रीधर