वकीलपत्र नाकारण्याचे ठराव आणि निकदेमाचा प्रश्न

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या गावात अंगावर काटा आणणारा गुन्हा घडला की लवकरच तेथील वकील संघाने आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये असा ठराव केल्याची बातमी येते, आणि ती वाचून बहुतेकांना समाधान वाटते. त्या संतापामागची माणुसकी मी नाकारत नाही. तरीही एक ख्रिस्ती वाचक म्हणून या ठरावांवर मला आक्षेप नोंदवावासा वाटतो, आणि तो क्षमेच्या नावाने नाही. ख्रिस्ती माणूस न्यायाविषयी बोलू लागला की आता हा गुन्हेगाराला माफ करा म्हणणार, असे ऐकणाऱ्याला वाटते. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आहे, तो मी परस्पर वापरू शकत नाही. मला बोलायचे आहे ते क्षमा आणि शिक्षा या दोहोंच्याही आधी जे व्हायला हवे त्याविषयी, म्हणजे आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याविषयी.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात मुख्य याजक आणि परूशी (धर्माच्या नियमशास्त्राबाबत काटेकोर असलेला यहुदी पंथ) येशूला धरून आणायला शिपाई पाठवतात, शिपाई रिकाम्या हाताने परततात आणि वरिष्ठांचा संताप अनावर होतो. तेव्हा त्यांच्यातलाच एक असलेला निकदेम विचारतो, की माणसाचे आधी ऐकून घेतल्याशिवाय आणि तो काय करतो याची माहिती करून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय? निकदेमाने येथे येशूची बाजू घेतलेली नाही, केवळ रीत कोणती ते विचारले आहे. त्याला उत्तर मिळते ते असे, की तूही गालीलातलाच, म्हणजे येशूच्याच प्रांतातला, आहेस काय? आरोपीसाठी उभ्या राहणाऱ्या वकिलाला आजही हेच ऐकावे लागते. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर अजमल कसाबसाठी न्यायालयाने नेमलेल्या महिला वकिलांच्या घरावर जमाव चालून गेला होता, तेव्हा त्यांची निष्ठा कोणाकडे, हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जात होता.

यावर नेहमी म्हटले जाते, की गुन्हा साऱ्या जगाने पाहिला आहे, आता ऐकायचे काय राहिले? पवित्र शास्त्राचे पहिलेच पुस्तक या हरकतीला उत्तर देते. आदामाने मनाई केलेले फळ खाल्ले हे सर्वज्ञ देवाला ठाऊक नव्हते असे कोणताही श्रद्धावंत म्हणणार नाही. तरीही तो आधी विचारतो, तू कोठे आहेस, आणि मग, खाऊ नको म्हणून सांगितलेल्या झाडाचे फळ तू खाल्लेस काय? आदाम हव्वेकडे बोट दाखवतो, म्हणून तिलाही विचारले जाते, आणि त्यानंतरच निकाल येतो. (सापाला मात्र काहीच विचारलेले नाही. भाष्यकारांनी त्यावर बराच खल केला आहे, तो येथे नको.) ही कथा केवळ उपासनेपुरती राहिलेली नाही. रिचर्ड बेंटली या विद्वानाचे म्हणणे न ऐकताच केंब्रिज विद्यापीठाने त्याच्या पदव्या काढून घेतल्या, तेव्हा 1723 मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने त्या परत देण्याचा आदेश दिला. त्या वेळी न्यायमूर्ती फॉर्टेस्क्यू यांनी दाखला दिला तो हाच, की प्रत्यक्ष देवानेही आदामाला बचावासाठी पाचारण केल्याशिवाय शिक्षा सुनावली नाही. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाची चर्चा होताना हा खटला आजही उद्धृत होतो.

कसाबच्या खटल्यात नेमके काय घडले, हे आपण फार लवकर विसरलो. आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयाने 3 मे 2010 रोजी त्याला दोषी ठरवले. त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी मात्र निर्दोष सुटले. त्यांनी काढलेला म्हणून सांगितलेला नकाशा मारल्या गेलेल्या दहशतवाद्याच्या खिशात सापडल्याचा अभियोग पक्षाचा दावा होता, पण इतक्या चकमकीनंतरही तो कागद स्वच्छ कसा, हा प्रश्न उलटतपासणीत पुढे आला आणि पुरावा टिकला नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑगस्ट 2012 रोजी कसाबची फाशी आणि या दोघांची सुटका दोन्ही कायम केले. अन्सारीचे वकील शाहिद आझमी यांचा 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून खून झाला होता, त्यामुळे विशेष न्यायालयाचा निकाल पाहायलाही ते उरले नाहीत. या तिघांपैकी कोणाचेच वकीलपत्र कोणी घ्यायचे नाही, असा निर्धार तेव्हा पाळला गेला असता, तर कसाबच्या शिक्षेवर कायमचे प्रश्नचिन्ह राहिले असते आणि उरलेले दोघे कदाचित फासावर गेले असते.

ऐकून न घेता केलेल्या न्यायाचे दुसरे टोक हैदराबादजवळ दिसले. तेथे 6 डिसेंबर 2019 रोजी बलात्कार आणि खुनाचे चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले आणि लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या, निवृत्त न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने पुढे हा गोळीबार ठार मारण्याच्याच हेतूने झाल्याचा आणि त्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन असल्याचा निष्कर्ष काढला. त्या दुर्दैवी तरुणीला न्यायालयातला निकाल मिळाला नाही तो नाहीच.

हे लिहिताना आमच्या स्वतःच्या मंडळीकडे पाहणे भाग आहे. येशुसंघाचे फादर स्टॅन स्वामी तळोजा कारागृहात होते आणि 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर आरोप निश्चितही झालेले नव्हते. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी प्रार्थनासभा झाल्या, त्या योग्यच होत्या. पण देशातील तुरुंगांत असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश माणसे शिक्षा झालेली नसून कच्चे कैदी आहेत, आणि त्यांच्यासाठी आमच्या रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनांत क्वचितच जागा असते. आपल्यातला आत गेल्यावरच आम्हाला निकदेम आठवला, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. दोन किंवा तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलांविरुद्धचा, म्हणजे मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांविरुद्धचा, आरोप दाखल करून घेऊ नये, असे प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिले. या एका वाक्याच्या आडोशाने कित्येक देशांतील चर्चच्या अधिकाऱ्यांनी लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दाबल्या. लगेच पुढच्या वाक्यात तोच पौल, पाप करणाऱ्यांना सर्वांदेखत दोष दे, असेही सांगतो, ते सोयीने वगळले गेले. कॅथलिक चर्चच्या 2021 मध्ये सुधारलेल्या दंडविषयक नियमांत, दोष सिद्ध होईपर्यंत व्यक्ती निर्दोष मानावी, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत घातले गेले. मला ते मान्य आहे, पण तक्रार करणाऱ्या मुलीला दारातूनच परत पाठवून ते पाळता येत नाही. आरोपीचे ऐकायचे म्हणजे आधी आरोप पूर्णपणे ऐकलेला असला पाहिजे, आणि आमच्याकडे चूक बहुधा या पहिल्याच पायरीवर झाली आहे.

वकील संघांना माझी विनंती एवढीच, की असे ठराव रद्दबातल असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितले आहे, त्याची आठवण ठेवावी. ते प्रकरण कोइमतूरचे होते आणि तेथे वकिलांनी ज्यांचा बचाव नाकारला होता ते आरोपी पोलीस होते, हे मुद्दाम नमूद करतो. आपल्यालाही एक विनंती आहे. अटकेची बातमी छायाचित्रासह पहिल्या पानावर येते, मात्र त्याच माणसाच्या सुटकेची बातमी आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत उरकली जाते. ज्याच्या अटकेची बातमी आपण पहिल्या पानावर छापली, त्याच्या निर्दोष सुटकेची बातमीही तेथेच छापण्याचा नियम आपल्या दैनिकाने करावा.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, वसई