डॉल्फिन दाखवण्याची हमी नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाताळच्या सुटीपासून मे अखेरपर्यंत दापोली तालुक्यातील मुरूड, कर्दे, हर्णै, आंजर्ले या किनाऱ्यांवर पुण्या-मुंबईहून कुटुंबे येत असतात आणि त्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त ओढ असते ती सकाळच्या डॉल्फिन फेरीची. मुरूडला आमच्याकडे घरगुती निवासाची सोय असल्यामुळे या फेऱ्यांशी आमचाही चरितार्थ बांधलेला आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे म्हणणे पर्यटनाविरुद्ध आहे असा कोणाचा गैरसमज होणार नाही.

गेल्या जानेवारीत नातवाला घेऊन मी अशा एका फेरीला गेले होते. फार आत जावे लागले नाही, कारण आपल्याकडे दिसणारा, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाजवळच वावरतो. तीन डॉल्फिन दिसले. त्यांतले एक पिल्लू आईला अगदी चिकटून पोहत होते. आमच्या बोटवाल्याने इंजिन मंद केले, पण तेवढ्यात आणखी चार बोटी वेगाने आल्या आणि डॉल्फिन जिथे वर येतील तिथे त्या वळू लागल्या. एक बोट तर आई आणि पिल्लू यांच्या मधून गेली. परत येताना मी बोटवाल्याला विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले की, डॉल्फिन दिसला नाही तर पर्यटक पैसे परत मागतात, म्हणून सगळ्यांना धावाधाव करावी लागते.

मला वाटते, दुखण्याचे मूळ नेमके इथे आहे. डॉल्फिन हा मासा नव्हे. त्याला श्वास घेण्यासाठी पाण्यावर यावेच लागते, त्यामुळे पाठलाग करणारी बोट त्याला नेमकी श्वास घेण्याच्या क्षणी गाठते. गढूळ पाण्यात तो भक्ष्य शोधतो आणि आपल्या सोबत्यांशी संपर्क ठेवतो तो आवाजाच्या आधारे; चार-पाच इंजिनांच्या गोंगाटात आई आणि पिल्लू यांची ताटातूट होण्याची भीती असते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याला स्थान आहे. डॉल्फिनना बंदिस्त ठेवून त्यांचे खेळ दाखवण्याच्या प्रकल्पांना परवानगी देऊ नये, असे केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने 2013 मध्येच राज्यांना कळवले. तो निर्णय योग्यच होता. पण मग मोकळ्या समुद्रात त्यांना घेराव घालणे आपण कसे चालवून घेतो?

हमी न देताही पर्यटन चालते, हे आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळासने दाखवून दिले आहे. तिथे 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात, ती आज कुंपणाच्या आत वाळूत सुरक्षित ठेवली जातात आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. पर्यटक गावातल्या घरांत राहतात, सकाळ-संध्याकाळ दोरीच्या अलीकडे शांत उभे राहतात, आणि एखाद्या दिवशी एकही पिल्लू निघाले नाही तर त्यासाठी कोणाला जबाबदार धरत नाहीत. 2022 मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावरून ‘प्रथमा’ नावाच्या मादीला उपग्रह यंत्र लावून समुद्रात सोडले होते. तिचा प्रवास आमच्याकडे उतरलेली मुलेसुद्धा मोबाईलवर उत्सुकतेने पाहत असत.

कासवांच्या बाबतीतही सारे आलबेल नाही. आंजर्ल्यालाही कासवे अंडी घालतात, तरी या पट्ट्यात हौसेने पुळणीवर गाड्या घालणारे दर हंगामात दिसतात, आणि किनाऱ्यालगतचे प्रखर दिवे रात्रभर जळतात. क्षितिजाच्या उजेडाकडे जाण्याची ज्यांची उपजत प्रवृत्ती, ती पिल्ले अशा दिव्यांमुळे समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात.

बंदर आणि वन या दोन्ही विभागांनी, ग्रामपंचायती आणि बोटवाले यांना बरोबर घेऊन, येत्या हंगामापूर्वी डॉल्फिन फेरीचे नियम ठरवावेत. डॉल्फिनपासून किमान 50 मीटर अंतर, एका कळपाजवळ एका वेळी दोनच बोटी, पिल्लू दिसल्यास इंजिन बंद ठेवून थांबणे आणि प्रत्येक मुलाला त्याच्या मापाचे जीवरक्षक जॅकेट, एवढे तरी त्यांत असावे. तिकीट समुद्रफेरीचे असावे, डॉल्फिनदर्शनाचे नव्हे. सुवर्णदुर्गाला वळसा घालून आलेली होडी डॉल्फिन दिसला नाही तरी काही वाया जात नाही. ‘दिसला नाही तर पैसे परत’ ही बोली सर्वांनी एकाच वेळी बंद केली, तरच एकट्या प्रामाणिक बोटवाल्याचे नुकसान होणार नाही. हे नियम ठरवण्याच्या बैठकीला घरगुती निवास चालवणाऱ्यांनाही बोलवावे. पाहुण्यांना आदल्या रात्री जेवणाच्या वेळी हे नियम समजावून सांगण्याचे काम आम्ही आनंदाने करू.

आपली विश्वासू,
एक वाचक, मुरूड (ता. दापोली, जि. रत्नागिरी)